माग, बोल आणि एका बदकाची व्यवस्था

मी राधाकृष्ण केशव नेवासकर, वय वर्षे बावन्न, मूळ राहणार नेवासे, हल्ली मुक्काम झेंडी गेटाजवळ, नगर, धंदा गालिच्याच्या मागावर बोल सांगणे, अविवाहित (नावातच जोडपे असल्याने वेगळी गरज पडली नाही), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मर्जीने आणि कोणी मागे उभे नसताना लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. ती ठिकाणावर नाही असे माझा पुतण्या मोहिनीराज नेवाशात बरीच वर्षे सांगत आला आहे. त्याच्या म्हणण्याला पुरावा नाही. माझ्या म्हणण्याला आहे: वकील अंबादास क्षीरसागर यांनी या कागदाचा जो मसुदा करून दिला होता, त्यातल्या व्याकरणाच्या चुका मी त्यांच्यादेखत काढल्या आणि त्यांनी त्या मुकाट्याने मान्य केल्या. म्हणून मसुदा बाजूला ठेवून मीच लिहायला बसलो.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मरण्याचा विचार केलेला नव्हता. आता तो करणे भाग आहे. गळ्यात गाठ झाली आहे. हयातभर दुसऱ्यांना गाठी मारायला सांगितल्या, त्यातली एक चुकार निघाली आणि माझ्याच गळ्यात बसली. मिरजेचे डॉक्टर ती लवकरच कापणार आहेत. ते म्हणाले, "जीव वाचेल अशी आशा आहे. आवाजाची खात्री देत नाही." मी पाटीवर लिहिले, "दोन्हींची अदलाबदल होणार नाही का?" डॉक्टर हसले नाहीत. दसऱ्यापासून माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही, जे सांगायचे ते पाटीवर खडूने लिहून दाखवतो. माझ्या ओळखीतले अनेक जण म्हणतात की मी आता पूर्वीपेक्षा पुष्कळ समजूतदार वाटतो.

कलम पहिले. माझी मिळकत येणेप्रमाणे: नेवाशाच्या घरातला माझा हिस्सा व तेथील जमीन. नगरातली जागा व तिच्यावरची पत्र्याची छपरी. छपरीतला गालिच्याचा माग, पंजे, सुऱ्या, कातरी व लोकर यांसह. मागावर चढलेला अर्धा गालिचा. एक सागवानी पाट, ज्यावर बसून मी बोल सांगतो. पोथ्या. भांडी. आणि बोल.

शेवटच्या शब्दावर वकिलांनी हरकत घेतली. ते म्हणाले, "जी वस्तू हातात देता येत नाही, ती मृत्युपत्रात येत नाही." मी लिहिले, "मग पाटीलकी कशी येत होती? ती कोणी मुठीत धरली होती?" वकील म्हणाले, "ते वेगळे." वकील 'ते वेगळे' म्हणाले, की आपण जिंकलो असे समजून पुढे जावे.

कलम दुसरे. हे बोल म्हणजे काय, ते कोर्टाला समजावे म्हणून खुलासा करतो. गालिचा काय असतो हे कोर्टाला ठाऊक आहेच. कोर्टाच्या टेबलाखाली एक आहे. तो आमच्या छपरीतला नव्हे, हे त्याच्या उसवलेल्या काठावरून कळते.

मुंबईच्या व्यापाऱ्यांना विचाराल तर गालिचा इराणच्या बागेत उगवतो. तंबूत राहणाऱ्या लोकांना जमिनीची थंडी वाजली, त्यांनी मेंढी कातरली, आणि बाग उंटावर लादता येत नाही म्हणून ती लोकरीत बांधून बरोबर नेली. इथपर्यंत खरे असावे. पुढे बादशहांनी कारागीर हिंदुस्थानात आणले, हेही खरे. पण दरबार उठले आणि गालिचा तुरुंगात गेला, हे व्यापारी सांगत नाहीत. कैद्याजवळ वेळ पुष्कळ असतो आणि तो काम सोडून जात नाही, हे सरकारने ओळखले. येरवड्याच्या तुरुंगात माग बसले. आमचे उस्ताद नूरमहंमद ही विद्या तेथेच शिकले. ते तेथे कैदी होते की शिपाई, हे त्यांना कोणी विचारले नाही. ते 'आमी आत असताना' एवढेच म्हणत, आणि शिपाईही आतच असतो.

काम असे चालते. मागावर उभे धागे ताणलेले असतात. दोन धाग्यांभोवती लोकर गुंडाळून गाठ मारायची, सुरीने कापायची, पुढच्या दोन धाग्यांवर जायचे. ओळ पुरी झाली की आडवा धागा घालून पंजाने ठोकायचे. अशा ओळींवर ओळी चढून गालिचा होतो, आणि विणणाऱ्याची पाठ जाते. मुख्य गोष्ट ही, की विणणाऱ्याने नक्षी बघायची नसते. बघू लागला की हात थांबतो. नक्षी बघणारा वेगळा. तो मागे पाटावर बसून सुरात सांगतो, "चार डाळिंबी, दोन निळे, हळदी एक." मागाच्या पहिल्या जागेवर बसलेला तेवढ्या गाठी मारतो आणि ओरडतो, "भरला!" त्याचे ऐकून बाकीचे आपापल्या जागी तेच भरतात. पहिल्या जागेवरून 'भरला' आले नाही, तर माग हलत नाही.

माझे शिक्षण नेवाशाच्या पाठशाळेत झाले. पदे सरळ म्हणायची, मग उलट, मग पुन्हा सरळ, अशी वेदपाठाची जी घोटाई असते ती मी केली. एकदा एका मंत्राचा अर्थ विचारला. गुरुजी म्हणाले, "अर्थ विचारणाऱ्याचे पाठांतर बिघडते." तेव्हा राग आला होता. पुढे मागावर आल्यावर कळले की गुरुजींनी उत्तम गालिचे विणले असते.

उस्तादांना माझ्याविषयी कोणीतरी सांगितले. ते मला बाजारात गाठून म्हणाले, "शास्त्री, तुमच्याकडं उलटं म्हनायची विद्या हाय म्हनं?"

"आहे."

"तिचा उपेग काय करता?"

"काही नाही."

"मंग आमच्याकडं या. आमाला हाय."

खरेच होते. गालिच्याचा वरचा अर्धा भाग म्हणजे खालच्या अर्ध्याचा उलटा पाठ. जो सरळ जाऊन त्याच वाटेने न चुकता परत येतो, त्याला अर्धेच पाठ करावे लागते. उस्तादांचे नक्षीचे कागद होते ते मी घोटले. पुढे त्यांना वाळवी लागली, पण तोवर मी वाळवीच्या पुढे गेलो होतो. आता त्या नक्ष्या कोठेही लिहिलेल्या नाहीत. माझ्या गळ्यात आहेत, आणि गळा मिरजेला जाणार आहे.

कलम तिसरे. पुतण्या चि. मोहिनीराज यास नेवाशाच्या घरातला माझा हिस्सा देतो. जमिनीचे तुकडे दोन, काळा एक, पांढरा एक, तेही देतो. पांढऱ्या मातीच्या तुकड्यात काही पिकत नाही, हे त्याला ठाऊक आहे. नसल्यास आता झाले. माझ्या पोथ्या देतो. त्यांतल्या कोणत्या त्याने उघडल्या, हे पानांवरची धूळ सांगेल.

मोहिनीराजाने मला दोन पत्रे लिहिली आहेत. पहिल्यात त्याने विचारले आहे की वेदाच्या सुरात रंगांची नावे म्हटल्याने जे पाप लागते ते कुळाला लागते की फक्त काकाला. दुसऱ्यात त्याने विचारले आहे की मुंबईचा व्यापारी माग आणि बदकाची नक्षी विकत मागतो आहे, हे खरे काय, आणि तो माणूस भरवशाचा आहे काय. दोन्ही पत्रांचे उत्तर एकच: तुझा संबंध नाही.

कलम चौथे. स्वयंपाकीण राहीबाई हिला सर्व भांडी देतो. तिने माझ्या जेवणात कधी मीठ विसरले नाही. नेहमी दोनदा आठवले. त्याबद्दल राग नाही.

कलम पाचवे. बदकाविषयी. हे कलम सर्वांनी नीट ऐकावे, कारण नगरात याच्या वेगवेगळ्या हकीकती चालू आहेत.

आम्ही तेव्हा एका मोठ्या गालिच्याचा काठ भरत होतो. मी पाटावर, मागाच्या पहिल्या जागी गनीभाई. गनीभाई हा उस्तादांचा चुलतभाऊ आणि पहिला शागीर्द. त्याच्या हातासारखा हात मी पाहिला नाही, आणि त्याच्या डोक्यासारखे डोके पाहण्याची इच्छा नाही. इतक्यात दारात छगन गाडीवान आला. लोकरीचे गठ्ठे कोणते आत घ्यायचे, असे विचारू लागला. सूर मोडला तर ओळ हरवते, म्हणून मी त्याला सुरातच सांगितले, "पांढरे चार घे, पिवळे दोन, काळा एक राहू दे." छगन म्हणाला, "चार मावत न्हाईत." मी सुरात म्हणालो, "मग तीन घे." छगन म्हणाला, "काळा का ठिवायचा?" मग मी त्याला तेही समजावले. छगनला एखादी गोष्ट एका ओळीत पटत नाही. वाद बऱ्याच ओळी चालला. प्रत्येक वाक्यानंतर मागावरून आवाज येत होता, "भरला!" मला वाटले, जुन्या बोलांचे चालले आहे.

वाद संपला तेव्हा काठावर एक बदक उभे होते. पांढरे अंग, पिवळी चोच, काळा डोळा. वाद जितका लांबला तितकी मान उंच झाली होती.

मी गनीभाईला म्हणालो, "अरे, मी छगनशी बोलत होतो!"

गनीभाई म्हणाला, "तू बोललास, म्या बांधलं."

"तुला अक्कल नाही का?"

"अक्कल चालवायची न्हाई, हे तूच सांगतूस न्हवं?"

उसवायला वेळ नव्हता. गालिचा छावणीतल्या एका साहेबाकडे गेला. त्याच्या मडमेला बदक इतके आवडले की तिच्या मैत्रिणींनीही बदके मागितली. मग मुंबईहून एक जाणकार आले. त्यांनी भिंग लावून पाहिले आणि सांगितले की हा इराणातला प्राचीन अमरपक्षी असून त्याची मान वर आहे ती स्वर्गाकडे. छगन तेव्हा तेथेच उभा होता. त्याला स्वर्गाचा काही बोध झालेला दिसला नाही.

बदकात दोष गनीभाईचा. बोल सांगणाऱ्याला माणूस म्हणून मधे एखादा शब्द इकडेतिकडे बोलावा लागतो. ते ओळखणे पहिल्या जागेचे काम. गनीभाई म्हणतो, दोष माझा. यावरून त्याने माझ्याशी बोलणे सोडले ते आजतागायत. मी बोल सांगायचे, त्याने 'भरला' म्हणायचे, इतकाच आमचा संवाद. बदकाच्या जन्मापासून त्याने मला दुसरा शब्द दिलेला नाही. 'भरला' मात्र कधी चुकवला नाही. तो शब्द त्याच्या हाडात बसला आहे. बाजारात कांदेवाल्याने "पाच लाल, पाच लाल" अशी आरोळी दिली, की गनीभाईच्या तोंडून आपोआप 'भरला' निघते आणि कांदेवाला त्याची पिशवी भरतो. त्याच्या घरी कांदा कधी संपत नाही.

कलम सहावे. माग. हा माग मूळ नूरमहंमद उस्तादांचा. छपरी माझ्या जागेत असल्याने ते जाताना तो माझ्या नावे करून गेले. म्हणाले, "शास्त्री, तुला ना बायकू ना पोर. तुझ्याकडं ऱ्हायला तर भांडन हुनार न्हाई." उस्ताद मोठे कारागीर होते, पण हा अंदाज चुकला.

उस्तादांची मुलगी जहिरा. नवरा मुंबईला गिरणीत गेला तो तिकडेच रमला, म्हणून ही बापाकडे परत आली आणि छपरीत लोकरीचे रंग वेगळे करू लागली. लोकरीच्या ढिगामागे बसून तिने माझे सगळे बोल उचलले. मी शिकवले नाही. मी चुकलो की ढिगामागून आवाज यायचा, "शास्त्रीकाका, निळा गिळला तुमी." मी म्हणायचो, "गिळला नाही, पुढे येतो आहे." ती म्हणायची, "पुढं पोपटी हाय. निळ्याला तिकडं कोन इचारतंय?" असे झाले की मी खोकून घेत असे.

तिला अक्षरे मात्र मी शिकवली, आणि ती बोलांवरूनच शिकवली. त्यामुळे एक खोड राहिली आहे: तिला सुराशिवाय वाचता येत नाही. वाण्याची यादी वाचली तरी माग चालू झाल्यासारखे वाटते.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मध्यावरून परत फिरायची ओळ होती, गालिच्यातली सर्वांत अवघड. माझा आवाज ओळीच्या मधेच गेला. तोंड उघडे, आत काही नाही. तेव्हा ढिगामागून जहिराने पुढचे बोल म्हटले, जेथून माझे तुटले होते तेथून, उलटे, एकही रंग न चुकता. बाकीच्या विणणाऱ्यांनी पहिल्या जागेकडे पाहिले. गनीभाईने सुरी खाली ठेवली आणि म्हणाला, "बाईमानसाच्या बोलावर म्या गाठ मारायचा न्हाई."

जहिरा म्हणाली, "गनीचाचा, घरी चाचीनं ऊठ म्हनलं की उठता न्हवं?"

"ते घरी."

"मंग हितं काय कान बदलून येता व्हय?"

गनीभाई पाणी प्यायला म्हणून बाहेर गेला. तो अजून पितो आहे. माग दसऱ्यापासून उभा आहे, त्यावर अर्धा गालिचा आहे, आणि अर्धा गालिचा ही जगातली सर्वांत निरुपयोगी वस्तू आहे. उतरवला तर उसवतो, ठेवला तर कसर लागते.

तरी माझी व्यवस्था अशी: बोल सर्वच्या सर्व, सरळ आणि उलटे, बदकासह, जहिराला देतो. पाट तिला देतो. त्यावर बसण्याचा हक्क तिचा, दुसऱ्या कोणाचा नाही. जागा व छपरी तिला देतो. माग, त्याच्या सामानासह, निम्मा जहिराला व निम्मा गनीभाईला देतो. गनीभाईवर माझा राग आहे, तो वरील कलमात लिहिला आहे. हात कोणाचा आहे तेही लिहिले आहे.

वकिलांनी विचारले, "दोघांचे पटत नाही आणि तुम्ही एका मागाचे दोन हिस्से करता? तो उद्या आपला निम्मा मुंबईवाल्याला विकेल." मी लिहिले, "विकेल." वकील म्हणाले, "मग?" मी लिहिले, "मग तो तसा माणूस ठरेल." माझ्या लेखी तो अजून तसा ठरलेला नाही.

कलम सातवे. साक्षीदार. ज्याला मृत्युपत्राखाली काही मिळते त्याने त्यावर साक्ष घातली, तर त्याचे मिळणे बाद होते, असा एक नियम कायद्यात आहे. वकील म्हणतात की तो आपल्या लोकांना लागू नाही, ख्रिस्ती वगैरे लोकांना आहे. मला नियम आवडला म्हणून मी तो शेजाऱ्यांकडून उसना आणला आहे. या कागदावर जो साक्ष घालील त्याला या कागदाने काही मिळणार नाही. त्याच्या वाट्याचे असेल ते जहिराला जाईल. पहिली साक्ष वकील अंबादास क्षीरसागर यांची, त्यांना तसेही काही दिलेले नाही. दुसरी जागा मोकळी ठेवली आहे. हा कागद छपरीत सर्वांसमोर वाचावा आणि मग ज्याला वाटेल त्याने पुढे यावे. कोणीच आले नाही तर कोर्टाच्या दारात कोणीही भाड्याने मिळतो.

कलम आठवे. मी मिरजेहून परत आलो नाही तर विधी थोडक्यात करावेत. मला गालिच्यात गुंडाळू नये, इतका माझा जीव कधी किमती नव्हता. दहाव्याला कावळा शिवला नाही तर भटजींनी भलभलती आश्वासने देऊन कावळ्याला फसवू नये. सरळ जहिराला बोलावून पुढच्या ओळीचे बोल म्हणायला लावावेत. मागावरून 'भरला' ऐकू आले तर कावळा शिवेल. नाही आले तर तो उपाशी गेला तरी चालेल, आम्ही दोघे तसेच राहू.

येणेप्रमाणे समजून उमजून लिहिले आहे. खाडाखोड नाही. जेथे आहे तेथे ती अक्षराची आहे, मनाची नाही.

राधाकृष्ण केशव नेवासकर, दस्तुरखुद्द

पुरवणी. वरील कागद आज छपरीत वाचला गेला. त्या वेळी जे घडले ते साक्षीच्या आधी लिहून ठेवणे जरूर आहे, म्हणजे पुढे नगरात याच्याही वेगवेगळ्या हकीकती होणार नाहीत.

हजर सर्वजण होते. मोहिनीराज नेवाशाहून आला होता, कोट घालून. गनीभाईही आला, पण कोणाचे तोंड बघायला नको म्हणून मागाच्या पहिल्या जागेवर जाऊन, धाग्यांकडे तोंड आणि आमच्याकडे पाठ करून बसला. सवयीने बसला असावा. वकिलांनी वाचायला घेतले आणि पहिल्याच पानावर अडले. "शास्त्रीबुवा, हे अक्षर आहे की मुंग्यांची रांग?" असे म्हणून त्यांनी कागद जहिरापुढे धरला. माझे अक्षर वाचणारी नगरात ती एकटीच.

जहिरा वाचू लागली. अर्थात सुरात. 'आमी आत असताना' येथे लोक हसले. मग कलम तिसरे आले. "जमिनीचे तुकडे दोन, काळा एक, पांढरा एक..."

"भरला!"

मोहिनीराज दचकून उभा राहिला. त्याला वाटले, जमीन गेली. मी मागाकडे पाहिले. अर्ध्या गालिच्यावर, डाळिंबीच्या मधोमध, एक काळी आणि एक पांढरी गाठ बसली होती. गनीभाईची सुरी हातातच होती.

मग जहिरा म्हणाली, "गनीचाचा, कोनाच्या बोलावर भरला?"

गनीभाईने मान वळवली नाही. "वकिलाच्या."

"वकील कवाच गप झाल्यात."

"मंग शास्त्रीच्या. त्यानं लिवलंय."

"लिवलेलं बोलत न्हाई, चाचा. बोलले मी."

गनीभाई त्या दोन गाठींवर अंगठा फिरवत होता. शेवटी म्हणाला, "लई वढून म्हनतीस. जरा झपाट्यानं म्हन. हात थंड पडतो."

पुढचे सर्व तिने झपाट्याने वाचले. प्रत्येक कलमाच्या शेवटी मागावरून 'भरला' येत होते. राहीबाईच्या मिठालाही आले. फक्त पाचव्याच्या शेवटी काही आले नाही. जहिराने पान उलटले आणि पुढे गेली. सातवे कलम संपले तेव्हा गनीभाई प्रथमच आमच्याकडे वळला आणि बदकाच्या जन्मानंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

"शास्त्री, म्हंजी साक्ष घातली की माझा निम्मा ग्येला?"

मी मान हलवली.

"आन न्हाई घातली तर?"

मी पाटीवर लिहिले आणि जहिराने वाचले, "अर्धा माग तुझा."

गनीभाई हसला. तो हसतो हे मी विसरलो होतो. "अर्ध्या मागाचं काय करू? अर्धा माग म्हंजी सरपन." मग वकिलांकडे हात करून म्हणाला, "आना ती शाई." मोहिनीराज म्हणाला, "अहो, विचार करा, मुंबईवाले..." गनीभाई त्याला म्हणाला, "तुमचा काळा-पांढरा घ्या आन गप बसा. न्हाईतर आनखी दोन गाठी मारतो."

मागावर बसलेल्या त्या दोन गाठी उसवू नयेत. पुढेमागे कोणी जाणकार भिंग घेऊन आले, तर त्यांना जे सांगायचे असेल ते सांगू द्यावे.

माग चालू झाला आहे. हे लिहीत असताना जहिरा पाटावर आहे आणि ओळ फिरली आहे, त्यामुळे अक्षर थोडे हलले असल्यास समजून घ्यावे.

ठिकाण: नगर, मागाची छपरी
मिती मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी, शके १८६८, रविवार, तारीख १ डिसेंबर १९४६

राधाकृष्ण केशव नेवासकर, दस्तुरखुद्द

साक्षीदार:

१. अंबादास रामचंद्र क्षीरसागर, वकील, नगर. सही केली. वरील व्याकरणाचा उल्लेख अनावश्यक होता.

२. गनीभाई, राहणार नगर. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. शेजारचा मजकूर त्यांच्या सांगण्यावरून वकिलांनी लिहिला:
कलम पाचवे सोडून, भरला.